हेडलाइटमधली ओल : आधी पाण्याची वाट शोधा, मग वाळवा

पावसाळ्यात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात गाडी फिरवणाऱ्या बहुतेकांनी हेडलाइटच्या काचेमागे धरलेली वाफ किंवा तळाशी डुलणारे पाणी केव्हा ना केव्हा पाहिलेले असते, आणि पाणी दिसताच बहुतेक जण बोनेट उघडून, दिव्याचे मागचे टोपण काढून, हेअर ड्रायर लावून बसतात. काच स्वच्छ दिसली की काम झाले असे समजले जाते. चार दिवसांनी पुन्हा पाऊस लागतो आणि पाणी पुन्हा आत दिसते. मग दुसरी, अधिक महागात पडणारी चूक होते : दिव्याच्या सगळ्या कडांवरून सिलिकॉन फिरवून तो कायमचा बंद केला जातो.

खाली कामाचे टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत, तो क्रम बदलू नये. वाळवण हा त्यातला सहावा टप्पा आहे. ही माहिती हॅलोजन बल्बच्या साध्या हेडलाइटसाठी आहे. ज्या दिव्यात कंपनीचेच एलईडी मॉड्यूल बसवलेले आहे किंवा ज्याचा बल्ब उच्च दाबाच्या विजेवर चालतो, असा दिवा घरी उघडू नये. गाडी वॉरंटीत असेल तरीही पाण्याचा फोटो काढून गाडी सर्व्हिस सेंटरला दाखवावी, कारण एकदा आपण हात लावल्याची खूण दिसली की बदलून मिळणारा दिवाही हातचा जाऊ शकतो.

१. वाफ आहे की पाणी, हे आधी ठरवा

हेडलाइट ही हवाबंद डबी नसते. तिच्या मागच्या बाजूला हवा आत-बाहेर जाण्यासाठी मुद्दाम वाटा ठेवलेल्या असतात. काही दिव्यांत त्या खाली वळलेल्या छोट्या रबरी नळ्या असतात, काहींत स्पंजचा तुकडा, तर काहींत हवा सोडणारी पण पाणी अडवणारी पातळ चकती असते. बल्ब पेटला की आतली हवा तापून फुगते आणि या वाटांनी बाहेर पडते; बल्ब विझला की ती आकसते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. आतली हवा ६० अंश सेल्सिअसवरून २० अंशांवर आली तर तिचे आकारमान सुमारे १२ टक्क्यांनी घटते, आणि ती जागा भरून काढायला जी हवा येते ती जुलै महिन्यात गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ला घाटातल्या ढगांची असेल तर सोबत बाष्प येणारच.

आपल्या भागात याला घाटाचीही जोड आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. गाडी गोव्यात उतरली की बाहेरचा हवेचा दाब वाढतो आणि केवळ त्या कारणाने दिव्यात सुमारे ९ टक्के जादा हवा शिरते. ती किनाऱ्यावरची दमट हवा घेऊन गाडी रात्री वर येते, पहाटे काच गार पडते आणि सकाळी काचेवर वाफ दिसते. हा दोष नव्हे. पातळ, एकसारखी पसरलेली आणि दिवे लावून अर्धा-पाऊण तास गाडी चालवल्यावर निघून जाणारी वाफ तशीच सोडून द्यावी. साखर कारखाने सुरू झाल्यावर चिकोडी-निपाणीकडे पहाटे जे दव पडते, त्यातही हेच घडते.

थेंब, ओघळ, तळाशी साचलेले पाणी, किंवा दिवे लावूनही दोन दिवस न हटणारी वाफ दिसली तर मात्र पाणी बाहेरून आत शिरते आहे.

तपासणी : दोन्ही हेडलाइट एकाच वेळी पाहावेत. दोन्हींत सारखीच वाफ असेल तर ती हवामानाची. एकाच दिव्यात असेल तर त्या दिव्यात दोष आहे. बाजारातून आणलेला एलईडी बल्ब बसवला असेल तर पुढची काच हॅलोजनइतकी तापत नाही, त्यामुळे साधी वाफही जास्त वेळ टिकते, हे लक्षात घेऊन मगच निर्णय घ्यावा.

२. ड्रायर हातात घेण्याआधी पाहणी करा

ओल्या दिव्यात पाण्याच्या वाटेचा पुरावा असतो आणि वाळवताना तो पुसला जातो. म्हणून पाऊस थांबल्यावर, गाडी न हलवता, बॅटरीच्या उजेडात दिवा समोरून, वरून आणि मागून पाहावा व मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. थेंब काचेच्या वरच्या कडेला एका ओळीत लटकलेले असतील तर काच आणि मागचा सांगाडा यांच्या जोडात फट असण्याची शक्यता जास्त. ओघळ बल्बच्या आजूबाजूने रिफ्लेक्टरवर उतरलेले असतील तर मागचे टोपण किंवा बल्बच्या होल्डरचे रबर संशयित. पाणी फक्त तळाशी असेल आणि वर काहीच ओले नसेल तर खालच्या हवेच्या वाटेतून, बहुधा पाण्याने भरलेल्या खड्ड्यातून गाडी नेताना किंवा धुताना, पाणी वर ढकलले गेले असावे.

खानापूरच्या लाल मातीने अनेकांच्या गाड्यांचा रंग खाल्ला असेल, पण या कामात ती मदतीला येते. माझ्या गाडीचा उजवा दिवा एका जुलैत तीनदा वाळवून झाला होता. चौथ्या वेळी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका मिस्त्रींकडे गेलो, तेव्हा त्यांनी ड्रायरकडे पाहिलेही नाही. "सर, दिवा वाळवून काय उपयोग? पाणी कुठनं आत गेलंय ते बघायला नको काय?" असे म्हणत त्यांनी मागचे टोपण फिरवून काढले आणि उजेडाकडे धरले. टोपणाच्या काळ्या रबरी कडेवर सगळीकडे स्वच्छ, तुकतुकीत कडे दिसत होते. फक्त एका जागी, नखाएवढ्या रुंदीत, लाल मातीची रेघ कडा ओलांडून आत गेली होती. पाणी सुकले होते, पण मातीने त्याची वाट लिहून ठेवली होती. आधी बल्ब बदलताना कोणीतरी टोपण थोडे तिरके बसवले होते, आणि तिन्ही वेळा ते काढून वाळवल्यावर मीही तसेच तिरके परत लावत होतो.

बैलहोंगल, अथणीकडच्या काळ्या मातीत ही रेघ इतकी उठून दिसत नाही. तेथे रबरावरून पांढऱ्या कागदी रुमालाची घडी हलकेच फिरवावी, करडा डाग उमटतो.

सावधान : या टप्प्यात काहीही पुसू नये, दिवा पेटवू नये आणि गाडी धुवायला नेऊ नये.

३. साहित्य, जागा आणि दिवस

साहित्य फारसे लागत नाही. दहा नंबरचा पाना, फिलिप्स आणि सपाट स्क्रू ड्रायव्हर, बंपरच्या प्लॅस्टिक क्लिपा काढण्यासाठी सपाट प्लॅस्टिकची पट्टी, चिकटपट्टी, मासे पाळण्याच्या टाकीत वापरतात तशी हातभर पातळ नळी, साबणाचे पाणी आणि रंगाचा जुना ब्रश, कमी तापमानाचे बटण असलेला हेअर ड्रायर, अर्धा किलो सिलिका जेल, दिवा मावेल एवढी जाड प्लॅस्टिकची पिशवी किंवा झाकणाचे टब, आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि जोड बुजवावा लागलाच तर न्यूट्रल प्रकारचे सिलिकॉन. नवे रबर किंवा टोपण लागणार असेल तर ते आधीच आणून ठेवावे, कारण दिवा उतरवून गाडी दोन दिवस उभी करावी लागते.

सिलिकॉन विकत घेताना दुकानात जे पहिले हाती देतात ते बहुधा ॲसिटिक प्रकारचे असते. ट्यूब उघडताच व्हिनेगरसारखा वास आला तर ते दिव्याला लावू नये. ते सुकताना निघणारे आम्ल बल्बच्या संपर्कपट्ट्या आणि रिफ्लेक्टरचा चंदेरी थर खराब करू शकते. ट्यूबवर 'न्यूट्रल' असे छापलेले पाहूनच घ्यावे.

दिवसाची निवड हा दुर्लक्षित राहणारा मुद्दा आहे. पावसाची झड लागलेली असताना दिवा उघडून पडवीत पंख्याखाली ठेवणे निरुपयोगी आहे, कारण ९५ टक्के दमट हवा कितीही फिरवली तरी ती पाणी उचलत नाही. हीच २३ अंशांची हवा ४५ अंशांपर्यंत तापवली की तिचा दमटपणा ३० टक्क्यांच्या खाली येतो आणि तेव्हाच ती ओल शोषू लागते. उघडीप मिळाली तर उत्तम. न मिळाली तर बंद, कोरडी खोली निवडावी आणि दिवा थेट उघड्या हवेत ठेवू नये.

४. दिवा उतरवणे

गाडी सपाट जागी भिंतीसमोर ३ मीटरवर उभी करावी, टायरमधली हवा नेहमीइतकी आहे याची खात्री करावी आणि लो बीमचा झोत भिंतीवर जिथे कापला जातो ती रेघ दोन्ही दिव्यांसाठी चिकटपट्टीने आखावी. चाके नेमकी कुठे होती त्याचीही खूण जमिनीवर करून ठेवावी. हे पाच मिनिटांचे काम टाळले की शेवटी झोत समोरून येणाऱ्यांच्या डोळ्यांत जातो, आणि ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांच्या रस्त्यावर चुकीचा झोत ही साधी गैरसोय राहत नाही.

त्यानंतर दिवे बंद करून किल्ली काढावी, बल्ब गार होण्यासाठी निदान २० मिनिटे थांबावे आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवावी. काही गाड्यांत हेडलाइट बोनेटखालून दोन-तीन बोल्ट काढून बाहेर येतो. अनेक गाड्यांत मात्र त्याचा खालचा बोल्ट बंपरच्या आड असतो आणि बंपरचा एक कोपरा सैल केल्याशिवाय दिवा निघत नाही. दिवा निघत नसेल तर तो ओढू नये. कुठेतरी एक बोल्ट राहिलेला असतो. ओढल्याने सांगाड्याचा प्लॅस्टिकचा कान तुटतो आणि मग दिवा कायमचा हलत राहतो. हलणाऱ्या दिव्याचा जोड पुढे आपोआप उघडतो.

वायरचा कप्लर काढताना वायर न ओढता त्याची कळ दाबावी. कप्लरच्या आत हिरवट गंज दिसला तर त्याचा फोटो काढावा. पाणी दिव्यातून नव्हे, वायरच्या बाजूने खाली ओघळून आले असण्याची ती खूण असू शकते.

बल्ब धातूच्या बुडाशी धरून काढावा. एच-४ प्रकारचा ६०/५५ वॅटचा बल्ब पेटल्यावर त्याची काच इतकी तापते की बोटांचा तेलकट ठसा असलेली जागा वेगळी तापून बल्ब लवकर जातो. चुकून हात लागलाच तर अल्कोहोलने पुसून मगच परत बसवावा.

सावधान : उघड्या दिव्याच्या आत बोट, फडके, कापूस किंवा काडीला गुंडाळलेला कागद यांपैकी काहीही घालू नये. रिफ्लेक्टरवरचा ॲल्युमिनियमचा थर अतिशय पातळ असतो. एकदा पुसला की तिथे कायमचा धुरकट पट्टा उमटतो आणि झोत फिका पडतो. "जरासं पुसून घेतलं" या वाक्याने मी जितके दिवे वाया गेलेले पाहिले, तितके पाण्याने गेलेले पाहिले नाहीत.

५. पाण्याची वाट शोधणे

साचलेले पाणी असेल तर दिवा हळूहळू कलता करून ते बल्बच्या भोकातून किंवा खालच्या हवेच्या वाटेतून ओतून टाकावे. दिवा झटकू किंवा खळखळवू नये. झोत वरखाली करणारी छोटी मोटर आत असेल तर तिच्यात पाणी जाते.

आता संशयितांची पाहणी एका क्रमाने करावी, कारण सगळ्यात सोपे कारणच सगळ्यात जास्त वेळा खरे निघते.

पहिले, मागचे टोपण. त्याच्या कडेचे रबर चपटे झाले आहे का, कुठे चिरले आहे का, मुडपून आत गेले आहे का, हे बोट फिरवून पाहावे. टोपणावर वरची बाजू दाखवणारी खूण असते. ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

दुसरे, बल्ब आणि पार्किंग लाइटचे होल्डर. प्रत्येकाभोवती एक रबरी कडे असते. बाजारातला पंख्याचा एलईडी बल्ब बसवताना मूळ रबरी टोपण कापले गेले असेल किंवा त्याला भोक पाडून वायर बाहेर काढली असेल, तर पुढे शोधण्याची गरज नाही. पाण्याची वाट तीच. अशा बल्बसाठी लांब टोपण मिळते ते घ्यावे, नाहीतर मूळ हॅलोजनवर परत यावे. माझे मत विचाराल तर दुसराच मार्ग बरा.

तिसरे, हवेच्या वाटा. रबरी नळी निघून पडली असेल तर त्या जागी उघडे भोक राहते आणि पाणी थेट आत उडते. उलट नळी चिखलाने भरली असेल तर दिव्याला श्वास घ्यायला दुसरी जागा उरत नाही. गरम दिव्यावर गार पावसाचा मारा झाला की आत पोकळी तयार होते आणि तो टोपणाच्या किंवा जोडाच्या सूक्ष्म फटीतून पाणी आत खेचून घेतो. ओढ्यातून किंवा रोवणीच्या दिवसांतल्या चिखलातून गाडी गेली असेल तर हे हमखास पाहावे. नळी काढून साध्या पाण्याने धुवावी. चकती असेल तर तिला टोचू किंवा घासू नये, खराब झाली असेल तर नवी बसवावी.

चौथे, सांगाडा आणि जोड. कोपऱ्यावर धडक बसलेली असेल, म्हैस घासून गेली असेल, किंवा मागे कधी बंपर रंगवायला काढलेला असेल तर बारीक चीर शोधावी.

वरील चारही जागी काही सापडले नाही तर साबणाची चाचणी करावी. टोपण व होल्डर नीट बसवून, एक सोडून बाकी सगळ्या हवेच्या वाटा चिकटपट्टीने बंद कराव्यात. उरलेल्या वाटेत पातळ नळी घालून भोवतीची फट पट्टीने बंद करावी. एकाने नळीतून तोंडाने हलकेच फुंकावे आणि दुसऱ्याने जोडावर, टोपणाभोवती आणि कोपऱ्यांवर ब्रशने साबणाचे पाणी लावत जावे. जिथे बुडबुडे उठतील तिथे फट आहे. ती मार्करने लगेच आखून घ्यावी, कारण साबण पुसल्यावर जागा सापडत नाही. तोंडाची फुंकर दमट असते, म्हणूनच ही चाचणी वाळवण्याच्या आधी करायची असते.

सावधान : पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा यासाठी वापरू नये. तो दाब चांगला जोडही फोडतो. चाचणीनंतर सगळ्या पट्ट्या मोजून काढाव्यात. हवेच्या वाटेवर विसरलेली एक पट्टी पुढचे सगळे काम वाया घालवते.

६. वाळवणे

आत मातीचे ओघळ किंवा बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे पांढरे डाग असतील तर वाळवण्याआधी कपभर शुद्ध पाणी, म्हणजे बॅटरीत टाकायला मिळते ते डिस्टिल्ड वॉटर, आत ओतून दिवा हलकेच कलता करत फिरवावा आणि ओतून टाकावे. बाटलीवर ॲसिड असे लिहिलेले नाही हे दोनदा वाचावे. पेट्रोल, थिनर, ॲसिटोन यांतले काहीही वापरू नये. ज्याला आपण काच म्हणतो ती आजच्या बहुतेक गाड्यांत पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकची असते आणि या द्रवांनी तिला जाळीदार चिरा पडतात.

मग टोपण व होल्डर काढून, दिवा भोके खाली येतील असा ठेवून, ड्रायरची हवा कमी तापमानावर, भोकापासून वीतभर अंतरावरून आत सोडावी. हवा किती गरम असावी याचे माप सोपे आहे : ज्या अंतरावर आपला तळहात मिनिटभर सहज धरता येतो, तेवढीच. पाच मिनिटे हवा, पाच मिनिटे विसावा, असे अर्धा-पाऊण तास करावे. रंग खरवडण्याची हीट गन, गॅसची शेगडी, चुलीची धग किंवा भट्टीचा शेजार यांपैकी कशाचाही आधार घेऊ नये. काच टिकली तरी मागचा सांगाडा वाकतो आणि वाकलेला सांगाडा पुन्हा पाणी घेतो.

ड्रायरने थेंब जातात; कोपऱ्यांतली, मोटरच्या आडोशाची आणि जोडाच्या खाचेतली ओल राहते. ती काढण्यासाठी दिवा कोमट असतानाच, भोके उघडी ठेवून, जाड पिशवीत किंवा टबात ठेवावा, सभोवती अर्धा किलो सिलिका जेल उघड्या वाट्यांत ठेवावे आणि तोंड घट्ट बंद करून रात्रभर, शक्यतो २४ तास तसेच राहू द्यावे. सिलिका जेलच्या पुड्या दिव्याच्या आत टाकून टोपण लावण्याची पद्धत अनेकांनी उचलली आहे. पुडी बल्बला टेकली तर करपते, फुटली तर दाणे रिफ्लेक्टरवर पसरतात, आणि हवेच्या वाटा उघड्या असल्याने ती दोन-चार दिवसांत बाहेरच्या ओलीनेच तृप्त होऊन निकामी होते. सिलिका जेलमध्ये दिवा ठेवावा, दिव्यात सिलिका जेल नव्हे. रंग बदलणारे दाणे घेतले तर ते कधी भरले हे कळते. नारिंगी दाणे ओल शोषली की हिरवट होतात, निळे गुलाबी होतात. तांदळाच्या डब्यात दिवा पुरण्याचा सल्ला मिळेल. तांदूळ भातासाठी ठेवावेत.

तपासणी : दिवा बाहेर काढताच टोपणे लावावीत, ड्रायरने पाच मिनिटे बाहेरून कोमट करावा आणि काचेच्या एका कोपऱ्यावर नळाच्या पाण्यात भिजवून पिळलेले फडके दोन-तीन मिनिटे धरावे. आत कुठे ओल उरली असेल तर ती वाफ होऊन याच गार भागावर धरते. फडके उचलल्यावर तो भाग धुरकट दिसला तर आणखी एक रात्र पिशवीत ठेवावा. या तपासणीसाठी बर्फ घेऊ नये. बर्फापाशी पावसाळ्यातल्या साध्या हवेलाही दव सुटते आणि कोरडा दिवा ओला ठरतो.

७. फट बुजवणे

टोपणाचे किंवा होल्डरचे रबर दोषी असेल तर ते बदलावे. त्यावर सिलिकॉन थापू नये. पुढच्या वेळी बल्ब बदलताना ते फाडावे लागते आणि तिरके सुकलेले सिलिकॉन नव्या रबरालाही नीट बसू देत नाही. रबर शाबूत असून फक्त मळलेले असेल तर धुवून, सुकवून, त्यावर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा. साधे चाकाचे ग्रीस लावू नये, त्याने रबर फुगते.

जोडाची फट बुजवायची असेल तर मार्करने आखलेल्या जागेपासून दोन्ही बाजूंना बोटभर अंतर अल्कोहोलने पुसावे, पूर्ण सुकू द्यावे आणि न्यूट्रल सिलिकॉनची बारीक रेघ फटीत दाबून भरावी. संपूर्ण दिव्याभोवती सिलिकॉन फिरवू नये आणि हवेच्या वाटेच्या जवळपासही नेऊ नये. हवेची वाट बंद झालेला दिवा काही दिवस कोरडा दिसतो; नंतर कुठूनतरी आत गेलेला ओलावा बाहेर पडू शकत नाही आणि तो कायमचा धुरकट राहतो. सिलिकॉनला निदान २४ तास द्यावेत.

फेविक्विकसारखा झटपट गोंद येथे वर्ज्य समजावा. तो सुकताना निघणारी वाफ काचेच्या आतल्या बाजूला पांढरी भुरी धरते आणि ती आत हात घातल्याशिवाय निघत नाही. आत हात घालता येत नाही हे वर आलेच आहे. तळाला भोक पाडून पाणी गळू द्यावे, हा आणखी एक प्रचलित उपाय. त्या भोकातून पाणी बाहेर येते तसे धूळ, चिलटे आणि पुढच्या खड्ड्याचे पाणी आत जाते.

जोड अनेक ठिकाणी सुटलेला असेल तर दिवा ओव्हनमध्ये तापवून काच वेगळी करण्याचे व्हिडिओ पाहायला मिळतात. ज्या दिव्यात जुन्या पद्धतीचा, उष्णतेने मऊ होणारा काळा चिकट पदार्थ आहे तिथे ते शक्य असते; ज्यात कायमचा कडक जोड आहे तिथे काच तडकते. कोणता आहे हे बाहेरून ओळखणे अवघड असल्याने हे काम रोज तेच करणाऱ्या कारागिरावर सोडावे, किंवा नवा दिवा घ्यावा.

८. परत बसवणे

टोपण लावण्याआधी बल्ब आणि होल्डर जागी फिट झाल्याचा 'टक्' असा आवाज किंवा बोटाला जाणवणारा अडकाव मिळाला पाहिजे. टोपणाची वरची खूण वर आणून, ते सगळ्या बाजूंनी सारखे दाबून, मगच फिरवावे किंवा कळ लावावी. नंतर रबराच्या कडेवरून नखाने पूर्ण फेरी मारावी. जिथे नख आत जाते तिथे पाणीही जाते.

कप्लर लावून, वायर दिव्यापेक्षा खाली झोळ खाईल अशी ठेवावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी कप्लरपर्यंत न पोहोचता झोळातूनच ठिबकते. बोल्ट आधी सगळे हाताने चढवून मग आवळावेत. बॅटरीची निगेटिव्ह वायर सर्वांत शेवटी लावावी. गाडी जमिनीवरच्या खुणांवर आणून झोत भिंतीवरच्या पट्टीशी जुळवावा. दिव्यामागचा स्क्रू एकावेळी अर्धा फेरा, यापेक्षा जास्त फिरवू नये.

९. पाण्याची चाचणी

बागेला पाणी घालायच्या पाइपने, तोंड न दाबता, दिव्यावर वरून आणि बोनेटच्या फटीवर पाच मिनिटे पाणी सोडावे. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पाइप या चाचणीसाठी नको. त्याची धार जोडावर जवळून धरली तर चांगला दिवाही पाणी घेतो, आणि पुढेही गाडी धुताना हेडलाइटपासून हातभर अंतर ठेवायला सांगावे. त्यानंतर दिवे २० मिनिटे चालू ठेवून बंद करावेत व लगेच पुन्हा दोन मिनिटे पाणी सोडावे. घाटातल्या पावसात दिव्यावर जो प्रसंग येतो तो हाच, गरम काच आणि गार पाणी, आणि बहुतेक फटी याच वेळी उघड्या पडतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे, ऊन पडायच्या आत, दोन्ही दिवे बॅटरीने पाहावेत. दोन्हींत सारखी पातळ वाफ असेल तर चिंता नाही. दुरुस्त केलेल्या दिव्यात एक जरी थेंब असेल तर ड्रायर कपाटातच राहू द्यावा, थेंब कुठे लटकला आहे त्याचा फोटो काढावा आणि पाचव्या टप्प्यापासून पुन्हा सुरुवात करावी. दिवा कोरडा निघाला तर पुढचे काम वर्षातून एकदाच, मृग लागायच्या आधी : मागचे टोपण काढून रबर पाहायचे, हवेच्या नळ्या धुवायच्या आणि टोपण खुणेप्रमाणे, सरळ, परत लावायचे.